वॉरंटी न जाता

गाडीला काय केलं तर वॉरंटी जाते आणि काय केलं तर जात नाही, हे त्या शोरूममध्ये एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि त्या माणसाला सगळे जावईबापू म्हणत. मालकाचा जावई होता तो. धुलाईवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे तेच म्हणायचे, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकांना ते त्याचं खरोखरचं नाव वाटायचं. एक बाई तर फोनवर न चुकता ‘मिस्टर बापूंना द्या’ म्हणायच्या, आणि तो निमूटपणे फोन घ्यायचा. सांगणार काय त्यांना!

त्याचं टेबल काचेच्या केबिनमध्ये, मागे वर्कशॉप आणि पुढे शोरूम अशा बेचक्यात होतं. मागून ऑइलचा वास यायचा, पुढून परफ्यूमचा. गाडी विकली गेली की दाराजवळची पितळी घंटा वाजवायची आणि हातातलं काम टाकून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा सासऱ्यांचा नियम. गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली द्यायची, बॉनेटवर लाल रिबनचा बो लावायचा, फोटो काढायचा. जावईबापू केबिनमधूनच टाळ्या वाजवायचे. काचेमुळे त्यांच्या टाळ्या बाहेर कुणाला ऐकू जात नसत, पण वाजवल्या की नाही ते मात्र दिसत असे.

त्या दिवशी समोर एक तरुण बसला होता. गाडीचा टर्बो गेलेला, आणि चेहरा असा की जणू सात पिढ्यांत कुणी गाडीला हात लावलेला नाही.

“मी काहीच केलेलं नाही सर. जशी घेतली तशी आहे.”

“हं,” जावईबापू म्हणाले. इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून त्याचा प्रोग्राम बदलला की तीच गाडी वाघ मागे लागल्यासारखी पळते. ट्यून करणं म्हणतात त्याला. सर्व्हिसिंगच्या आधी जुना प्रोग्राम परत घातला की कुणाला कळणार नाही, असं करणाऱ्याला वाटतं. पण आपल्यात किती वेळा कुणी ढवळाढवळ केली, हे तो कॉम्प्युटर विसरत नाही. जावईबापूंनी स्क्रीन त्या तरुणाकडे वळवली. तरुणाने स्क्रीन बघितली, मग स्वतःचे बूट बघितले.

“मजा आली का?” जावईबापूंनी हळूच विचारलं.

“काय?”

“ट्यून केल्यावर. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये.”

तरुणाच्या डोळ्यांत एकदम दिवे लागले. “सर, काय सांगू! सीटमध्ये कुणीतरी पाठीमागे दाबून धरल्यासारखं...” आणि मग आपण काय कबूल करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं.

“वॉरंटीत बसणार नाही,” जावईबापू म्हणाले. रोज म्हणत तसंच.

“मग काय करता येतं हो, वॉरंटी न जाता?”

हा प्रश्न त्यांना प्रत्येकजण विचारायचा आणि ते प्रत्येकाला तेच सांगायचे. कंपनीने ठरवलेल्या मापाचे चांगले टायर घाला. इंजिनाची हवा गाळणारी जाळी बदला, पण तिची पेटी तीच ठेवा. ऑइल भारीतलं वापरा, पण ग्रेड तीच. ब्रेकपॅड हवे तितके चांगले घाला, ते तसेही झिजणारेच, त्याला कोण विचारतो. डिकीतला पसारा काढून टाका, वजन कमी होईल.

“म्हणजे इंजिन सोडून सगळं,” तरुण म्हणाला.

“हो. इंजिन सोडून सगळं.”

जावईबापूंची स्वतःची गाडीही अशीच होती. लग्नानंतर सासऱ्यांनी दिलेली, निळी, देखणी. तिचे टायर उत्तम, जाळी उत्तम, डिकी रिकामी. इंजिनाला बोट लावलेलं नव्हतं. सासऱ्यांनी राहायला वरचा मजला दिला होता, नोकरी दिली होती, टेबल दिलं होतं. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण सासरे देवमाणूस. जेवताना स्वतःच्या हाताने वाढायचे. जावयाला सर्दी झाली तर खाली स्वतः वाफेचं पाणी तापवायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो तसा हा तोंडात साखर भरून मार होता, आणि ओरडायची सोय नव्हती.

लग्नाआधी त्याला जावईबापू कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा त्याचं नाव होतं वाऱ्या. लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत पाना नावाच्या मित्राचं गॅरेज होतं, आणि पाना उघडायचा, वाऱ्या पळवायचा, अशी त्यांची जोडी होती. पाना अजून तिथेच होता. त्याला ते नाव हातात सतत पाना असायचा म्हणून पडलं होतं. जेवतानाही तो पाना शेजारी ठेवायचा, चमच्यासारखा. जगात वाऱ्याला वाऱ्या म्हणणारा तो आता एकच माणूस उरला होता.

दोघांचं ठरलं होतं. वॉरंटी संपली की त्याच संध्याकाळी निळी गाडी पान्याच्या गॅरेजात जाणार. पाना तिला ट्यून करणार. मग घाटातली चढाईची शर्यत. गाडी पहिल्या काहींत आली की पान्याच्या गॅरेजचं नाव होणार, गिऱ्हाईक वाढणार, आणि वाऱ्या शोरूमचा राजीनामा देऊन पान्याचा भागीदार होणार. पान्याने शर्यतीत नावही देऊन टाकलं होतं.

“आत्ता काय अडलंय?” पाना दर वेळी विचारायचा. “आज कर ना! गाडी तुझी, पाय तुझा.”

“अरे, मी दिवसभर लोकांना नाही नाही म्हणतो. वॉरंटीवाल्याच्याच गाडीची वॉरंटी गेली तर सासरे तोंड कुठे लपवतील? एकदा मुदत संपू दे. मग मी कुणाचा काही लागत नाही.”

“सासऱ्याचा जावई लागतोस.”

“ते बघू.”

पाना हसायचा. “तुझं म्हणजे असं आहे वाऱ्या, पोहायचंय पण पाणी आटल्यावर.”

खरं होतं ते. सासऱ्यांसमोर उभं राहून ‘मला जायचंय’ एवढं म्हणायचं धाडस त्याच्यात नव्हतं, म्हणून त्याने ते काम एका तारखेवर सोपवून दिलं होतं. तारीख येईल आणि आपलं आपण होईल, असं त्याला वाटत होतं. आणि तारीख जशी जवळ येऊ लागली तसा तो बदलला. सकाळी दात घासता घासता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहायचा. जेवताना मधेच म्हणायचा, “वॉरंटी संपत आली हं आपल्या गाडीची.” झोपताना म्हणायचा, “संपलीच म्हणायची आता.”

“तुम्हाला एवढं काय त्याचं?” बायकोने एकदा विचारलं. ती शाळेत शिकवायची. घरी वह्या तपासत बसलेली असली तरी तिचं एक लक्ष त्याच्याकडे असायचं.

“काही नाही. एवढ्या वर्षांचं छत्र जाणार ना डोक्यावरचं.” हे त्याने गमतीत म्हटलं होतं. मनातून तो इतका खूश होता की त्याला स्वतःचंच हसू येत होतं.

बायकोने लाल पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. तिला हसू दिसलं नाही. तिला दिसला रोज कॅलेंडरपुढे उभा राहणारा, रात्री कूस बदलत राहणारा नवरा.

शेवटी तो दिवस उजाडला. जावईबापूंनी नवा शर्ट घातला. दुपारभर एका गिऱ्हाइकाला गिअरबॉक्सबद्दल समजावताना त्यांचा पाय टेबलाखाली आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. संध्याकाळी निघायची वेळ झाली, त्यांनी किल्लीसाठी खिसा चाचपला, तर किल्ली नाही.

तेवढ्यात घंटा वाजली.

सवयीने त्यांनी मान वर केली आणि टाळ्या वाजवायला हात उचलले. शोरूमच्या मधोमध, दिव्यांखाली, त्यांचीच निळी गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली, बॉनेटवर लाल बो. भोवती सगळा स्टाफ, वर्कशॉपातले मेकॅनिकसुद्धा हात पुसत आलेले. पुठ्ठ्याची किल्ली धरून सासरे उभे होते आणि त्यांच्या शेजारी बायको, शाळेतून थेट आलेली, खांद्याला पिशवी तशीच.

“या जावईबापू, या!” सासरे म्हणाले. “मंडळी, हा माणूस रोज दुसऱ्यांच्या वॉरंट्या सांभाळतो. स्वतःसाठी तोंडातून शब्द काढायचा नाही, असा स्वभाव! पण आम्हाला कळत नाही का? कंपनीकडे खास शब्द टाकून मुदत वाढवून घेतली. जितकी मिळते तितकी सगळी. आता निर्धास्त राहा. बरीच वर्षं बघायला नको!”

टाळ्या वाजल्या. या खेपेला काच मधे नव्हती, त्यामुळे त्या फार जवळून ऐकू आल्या.

“मीच सांगितलं बाबांना,” बायको त्याच्या कानाशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “किती काळजी करत होता तुम्ही. सारखं कॅलेंडर, सारखी तारीख. मला बघवत नव्हतं हो.”

“बोला, दोन शब्द बोला!” कुणीतरी ओरडलं.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. सासरे कौतुकाने बघत होते, बायको दंडाला धरून उभी होती, फोटोवाला एक डोळा मिटून तयार होता. बायकोचा त्याला राग आला, आणि राग येण्यासारखं तिने काहीच केलेलं नाही म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला.

“खरं म्हणजे मला...” तो म्हणाला.

“काय, काय?” सासरे पुढे झुकले.

“मला शब्दच सुचत नाहीयेत,” जावईबापू म्हणाले. सगळ्यांना ते फार आवडलं. फोटो निघाला.

बायकोला बाबांबरोबर घरी पाठवून, टायरमधली हवा बघून येतो असं सांगून, तो वखारीमागच्या गल्लीत गेला. पान्याने गॅरेज झाडून ठेवलं होतं. असं झाडलेलं गॅरेज त्याने जन्मात बघितलं नव्हतं. स्टुलावर लॅपटॉप उघडा होता, केबल व्यवस्थित सोडवून ठेवलेली.

“वाढदिवस आहे का गाडीचा?” पाना बॉनेटकडे बघत म्हणाला. बो तसाच राहिला होता.

त्याने सगळं सांगितलं. घंटा, किल्ली, बायको, टाळ्या. पाना आधी पोट धरून हसला. हसता हसता त्याने मित्राचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

“बरं मग?” तो म्हणाला. “दिली त्यांनी. त्यांनी द्यायचं काम केलं, आपण घालवायचं काम करू. जायची तर वाढवलेली वॉरंटीही जाते. लावू का केबल?”

वाऱ्याने बो काढून बाजूला ठेवला, बॉनेट उचलून दांडीवर टेकवलं. इंजिन गरम होतं, टिक टिक आवाज करत निवत होतं. पान्याने केबल हातात घेतली आणि थांबला. त्याने घाई केली नाही, हे सांगायला हवं. जोडायची जागा स्टिअरिंगखाली होती. वाऱ्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकून ती बघितली. आतून बायकोच्या पिशवीतल्या खडूचा वास येत होता, कितीही पुसली तरी येणारा. उद्या सासरे विचारतील, हवा भरली का? आणि हा हो म्हणेल. परवा काही विचारतील, तेव्हाही हो म्हणेल. आज ज्याला टाळ्यांमध्ये तोंड उघडता आलं नाही, त्याच्यासाठी कुठली तारीख धावून येणार होती?

“पाना,” तो म्हणाला, आणि पुढचं त्याने स्वतःच्याच तोंडून ऐकलं, “वॉरंटी न जाता काय करता येईल रे?”

वखारीत कुठेतरी लाकडं रचल्याचा आवाज येत राहिला.

“ते तुलाच पाठ आहे,” पाना म्हणाला.

“ब्रेकपॅड,” तो म्हणाला. “ब्रेकपॅड चांगले घाल. ते चालतात.”

पान्याने केबल गुंडाळली. नीट गुंडाळली, टोक आत खोचलं, खोक्यात ठेवली आणि लॅपटॉप मिटला. मग गाडी उचलली, चाकं काढली आणि कामाला लागला. त्याच्याकडचे सगळ्यात चांगले पॅड त्याने घातले, त्यात कसर केली नाही. चाकं बसवली, एकेक नट दोनदा आवळला, गाडी खाली घेतली. लाल बो उचलून त्याने परत बॉनेटवर होता तसा लावला आणि हात पुसत बाजूला झाला.

“झालं,” तो म्हणाला. “रस्त्याच्या टोकापर्यंत न्या आणि एकदा थांबवून बघा, जावईबापू.”

तो गाडीत बसला. पान्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून आरशात बघितलं. पाना आधीच दार ओढून घेत होता. गल्ली सरळ आणि रिकामी होती. टोक यायच्या कितीतरी आधी त्याने ब्रेक दाबला. गाडी फार छान थांबली.