एक बोट वर

नवा सेट घ्यायचं ठरलं आणि सगळ्यात आधी माझं शिलाई मशीन हललं. "स्पीकरला कोपरा मोकळा लागतो," असं ह्यांनी जाहीर केलं. त्या खिडकीपाशी बसून मी आयुष्यभर पडदे, फ्रॉक आणि उशांचे अभ्रे शिवले, तेव्हा कोपऱ्याची कोणाला आठवण नव्हती. पण माणूस निवृत्त झाला की घरात पाहुण्यासारखा शिरतो आणि बघता बघता मालक होतो. मशीन आतल्या खोलीत गेलं. मी दोन-चार दिवस धुसफुसले आणि गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर सेट मलाही हवाच होता.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात एक पलंग, दोन खुर्च्या आणि ह्यांचा पहिला सेट, एवढाच संसार होता. रेकॉर्ड प्लेयर, ॲम्प्लिफायर आणि ह्यांनी स्वतः लाकूड कापून केलेली स्पीकरची दोन खोकी. माझे वडील पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कपाट कुठे आहे?" कपाट नव्हतं. माझे कपडे पलंगाखाली ट्रंकेत होते. "कपाट काय, होईल सावकाश," हे म्हणाले. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस बरा आहे, पण जरा सांभाळून."

संध्याकाळी दोन्ही खुर्च्या ठरलेल्या जागी जायच्या. जमिनीवर खडूने खुणाच केलेल्या होत्या. वीतभर इकडेतिकडे झालेलं चालायचं नाही. मग मोठा दिवा बंद. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कसं ऐकायचं ते ह्यांनी शिकवलं. एक रेकॉर्ड आमची विशेष लाडकी होती. दुसरं कडवं संपतं, व्हायोलिनं थांबतात, गाणारी बाई श्वास घेते आणि तेवढ्यात मागे कुठेतरी एकच बारीक 'टिंग' वाजते. लोखंडी त्रिकोणावर सळईचा एक टोला. अख्ख्या गाण्यात त्या वाजवणाऱ्याचं तेवढंच काम. हे म्हणायचे, "बिचारा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बस पकडून एवढ्यासाठी आला असेल. त्याचं तेवढं तरी ऐकायला हवं की नको?" म्हणून आमचा नियम होता, टिंग वाजली की एक बोट वर करायचं. दोघांची बोटं एकदम वर गेली की ह्यांचा चेहरा असा खुलायचा की मला कपाट-बिपाट सगळं विसरायला व्हायचं.

मग मुलगी झाली. रांगायचं सोडून चालायला लागली आणि एक दिवस तिने जाऊन स्पीकरच्या पडद्यात बोट खुपसलं. मध्ये खड्डा पडला. हे तिच्यावर ओरडले नाहीत. पडदा दुरुस्त केला, सगळा सेट खोक्यांत भरला आणि म्हणाले, "ही जरा मोठी होऊ दे." ती मोठी झाली तर तिची शाळा आली. शाळेमागून परीक्षा आल्या. मग माझ्या सासूबाईंचं आजारपण त्याच खोलीत झालं. मग हे फोरमन झाले आणि पाळ्यांचं वेळापत्रक असं लागलं की आमची जेवायला गाठ पडायची मारामार. खोकी माळ्यावर गेली. "रिटायर झालो की," असं हे म्हणायचे, आणि मीही तेच म्हणायचे. पाहुणे आले की माळ्याकडे बोट दाखवून सांगायचेसुद्धा.

हे कापडाच्या गिरणीत होते. एकदा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले, तर मागांच्या शेडच्या दारातच आवाजाने छातीत धडधडायला लागलं. आत सगळी माणसं हातवारे करून आणि एकमेकांचे ओठ बघून बोलत होती. ह्यांना तिथे 'कानसेन' म्हणायचे. एवढ्या गदारोळात कुठला माग आज ना उद्या बिघडणार ते हे कानाने ओळखायचे. शंका आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. पुढे गिरणीने सगळ्यांना कानात घालायला पिवळी बुचं दिली. ह्यांची डबी अजून आमच्या कपाटात आहे, न उघडलेली. "बुचं घातल्यावर माग काय म्हणतो ते कळणार कसं?" हे विचारायचे. मला अभिमान वाटायचा. शेजारणींना मी मोठ्या तोंडाने सांगायचे.

आता निवृत्तीनंतर माळ्यावरची खोकी उतरवली, तर प्लेयर तेवढा ठीक निघाला. ॲम्प्लिफायर जळका वास सोडून गेला आणि स्पीकरचे पडदे हात लावताच पापडासारखे फाटले. तेव्हा नवीन घ्यायचं ठरलं, आणि आम्ही ती रेकॉर्ड बगलेत मारून दुकानात गेलो.

दुकानदार ह्यांच्यासारखाच वेडा निघाला. मागच्या बाजूला त्याने ऐकण्याची वेगळी खोली केली होती. जाड गालिचा, जाड पडदे, मधोमध सोफा. त्याने पहिली जोडी लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती बाई जणू समोर येऊन उभी राहिली. दुसरं कडवं संपलं, टिंग वाजली आणि माझं बोट आपोआप वर गेलं. मी हसून ह्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले होते. हात गुडघ्यावर होता. गाणं संपल्यावर हे म्हणाले, "आवाज गोड आहे हो, पण टिंग खाल्ली."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. माझं बोट अजून अर्धवट वरच होतं. मी ते खाली आणलं आणि उगाचच चष्मा नीट केला.

दुसरी जोडी लावली. "खाल्ली." तिसरी लावली. "हीसुद्धा खाते." चौथी लावताना दुकानदार म्हणाला, "काका, ही जरा तिखट वाजते बरं का. काहींना त्रास होतो." त्या जोडीची टिंग माझ्या दाढेत जाऊन बसली. हे नुसते म्हणाले, "हं. जरा स्पष्ट आहे. पण ती नाहीच." घरी येताना बसमध्ये म्हणाले, "हल्लीच्या वस्तूंत काही राम नाही." मी "हो ना," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं, आणि भर बसमध्ये रडायची सोय नव्हती.

पुढच्या खेपेला हे ॲम्प्लिफायरची मागची बाजू तपासत असताना दुकानदार हळूच म्हणाला, "काकू, एकदा काकांचे कान दाखवून घ्या."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी कसं सांगू? ते म्हणतील, माल खपवायला बोलतोय."

त्याचंही खरं होतं. पण मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार? अख्खं आयुष्य ज्या कानांवर नाव कमावलं, त्या कानांबद्दल? मी सोफ्यावर बसले, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले. टिंग वाजली. "मलाही नाही आली," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग काही दिवस सेटचा विषयच निघाला नाही. एका सकाळी बँकेत जाऊन येतो म्हणून गेले ते जेवायच्या वेळेला उगवले आणि म्हणाले, "पहिलीच जोडी घेऊ. तुला तीच आवडली होती ना?"

"पण टिंग?"

"खोली बदलली की आवाज बदलतो. घरी येईल."

सेट आला. जोडून द्यायला दुकानातला माणूस आला होता, त्याला ह्यांनी पाणी पाजून परत पाठवलं. जन्मभर माग जोडणाऱ्याला दोन तारा जोडायला माणूस कशाला? दुपारभर स्क्रूड्रायव्हर घेऊन खटपट चालली. संध्याकाळी जमिनीवर पुन्हा खडूच्या खुणा उमटल्या. मी म्हटलं, "फरशी मी पुसते, तुम्ही नाही." हे म्हणाले, "पुसू नकोस, एवढंच काम आहे."

गाणं सुरू झालं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुकानात समोर येऊन उभी राहिलेली ती बाई इथे गोधडीआडून गात होती. दुसरं कडवं संपलं. व्हायोलिनं थांबली. मी कान टवकारले, पण काही म्हणजे काही आलं नाही. आणि शेजारी बघते तो ह्यांचं बोट वर! ताठ, अगदी वेळेवर, आणि चेहरा पहिल्यासारखा खुललेला. मी झटकन माझंही बोट वर केलं.

"आली ना?"

"आली की!" मी म्हणाले.

ह्यांनी माझा हात धरला आणि पुढचं कडवं तसाच धरून ठेवला. मला आनंदही झाला आणि धसकाही बसला. ह्यांचे कान शाबूत आहेत, आणि माझेच गेले म्हणायचे. दुकानात येत होती ती घरी येईना, हा खोलीचा दोष म्हणावा, तर ह्यांना येतेय. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही बोटं वर करायचो. कडवं संपत आलं की मी गाणं सोडून ह्यांच्या हाताकडे बघत बसायचे. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं चोरून बघण्यात चाललंय, ह्याचं फार वाईट वाटायचं. सांगणार कोणाला?

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. तिला खुर्ची नव्हती, ती फरशीवर बसली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच म्हणाली, "बाबा, हे असं काय वाजतंय? तोंडावर उशी दाबल्यासारखं?"

"नवीन आहे. रुळेल," हे म्हणाले.

ती उठली आणि स्पीकरच्या वरच्या छोट्या पडद्याला कान लावला. मग दुसऱ्याला लावला. "अहो, वरचे दोन्ही बंद आहेत! काही येतच नाहीये ह्यांतून." तिने स्पीकर फिरवला आणि बरोबर आलेला कागद शोधून काढला. "ह्या चित्रात मागे पितळी पट्ट्या दिसतायत. आपल्या कुठे आहेत?"

"कसल्या पट्ट्या?" ह्यांनी विचारलं, आणि विचारतानाच चेहरा बदलला. उठून बिस्किटांचा डबा आणला. त्यात स्क्रू, वायसर आणि चार चकचकीत पट्ट्या होत्या. "ह्या पॅकिंगच्या नव्हत्या? आमच्या वेळी असलं काही नसायचं. काढून टाकल्या मी."

मुलगी पोट धरून हसायला लागली. "बाबा, त्याच खालून वर आवाज नेतात! म्हणजे इतके दिवस बारीक आवाज एकही येत नव्हता. आणि तुम्ही दोघं मला फोनवर सांगत होता, टिंग आली, टिंग आली. ती येणार कुठून?"

हसता हसता तिने आमच्याकडे बघितलं आणि थांबली. "मी चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

हे हातातल्या पट्ट्या चाळवत उभे होते.

"तू बोट वर करत होतीस," हे म्हणाले.

"तुम्ही केलंत म्हणून. मला वाटलं, माझेच कान गेले."

"मला कडवं पाठ आहे. कुठे वाजते ते माहीत आहे." मग म्हणाले, "दुकानात तू हात पर्सखाली घातलेस ना, तेव्हाच कळलं मला. बँकेत म्हणून गेलो होतो, तो कानाच्या डॉक्टरकडे."

"काय म्हणाले?"

"विचारलं, काम कुठे करत होतात? सांगितलं. मग पुढे काही विचारलंच नाही त्यांनी." ह्यांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. "यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं नीट कळेल म्हणाले. गाण्याची खात्री नाही."

मला त्या पिवळ्या बुचांची डबी आठवली. सेटच्या खोक्यांवर आम्ही जुनी चादर घातली होती, धूळ बसू नये म्हणून. दर वर्षी हे शिडी लावून ती झटकायचे आणि खाली उतरून पाळीवर जायचे. जपायचं काय ते आम्हाला कळलंच नाही. किती संध्याकाळी फुकट घालवल्या आम्ही, ज्या संध्याकाळी ह्यांना सगळं ऐकू येत होतं.

चहा झाल्यावर मुलीने पट्ट्या बसवल्या. लहानपणी जे बोट तिने पडद्यात खुपसलं होतं, त्याच बोटाने तारा चाचपल्या आणि म्हणाली, "लावा आता." ह्यांनी सुई ठेवली.

गोधडी दूर झाली. बाई समोर आली, तिचा श्वाससुद्धा आला. ह्यांच्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही. दुसरं कडवं संपलं, व्हायोलिनं थांबली आणि टिंग वाजली, एवढी लख्ख, की मागून मुलगी "आली!" म्हणून ओरडली. मला हात उचलवेना. पण हे माझ्याकडेच बघत होते, म्हणून मी बोट वर केलं. मग ह्यांनी केलं.

"आला होता तो?" ह्यांनी विचारलं.

"आला होता," मी म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट घालून. वेळेवर."

ह्यांनी मान हलवली. गाणं संपल्यावर उठले, सुई परत सुरुवातीला नेऊन ठेवली आणि आपली खुर्ची खडूच्या खुणेवरून उचलून वळवली. आता ती स्पीकरकडे तोंड करून नसते. माझ्या हाताकडे असते.