तीनशे ऐंशी फोटो

दुर्बीण आणली सम्मेदनं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शोभेल अशी, ताऱ्यामागं आपोआप फिरणारी. दोन महिन्यांत हौस फिटली आणि दुर्बीण राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये कपाटामागं पडून राहिली. ती बाहेर काढली त्याच्या बायकोनं, आदितीनं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या आदितीला न दिसणारं बघायची सवयच होती.

शहराच्या उजेडात काही दिसेना, तेव्हा तिनं दुर्बीण गडहिंग्लजजवळ माहेरच्या शेतावर नेऊन ठेवली. शनिवार आला की ती एसटी धरायची. आयसी ३४२ नावाची एक दीर्घिका तिनं निवडली होती. आपल्याच आकाशगंगेच्या धुळीमागं दडलेली, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारी. तीन-तीन मिनिटांचे शेकडो फोटो काढून एकावर एक रचले, तरच ती उमटणार होती. भिंगावर दव धरलं की हेअर ड्रायरनं वाळवायचं. वाऱ्यानं दुर्बीण हलली की तो फोटो बाद. अकरा रात्री गेल्या. चांगले निघाले तीनशे ऐंशी. सम्मेद एकदाच आला आणि नऊ वाजताच गाडीत झोपला.

मार्चमध्ये संगणकावर त्या दीर्घिकेचे फिकट सर्पिल बाहू दिसायला लागले, तेव्हा तिनं त्यालाच पहिली हाक मारली.

"अगं, हे तू काढलंस?" तो थक्क झाला. हा प्रश्न त्यानं परत कधी विचारला नाही.

शहरातल्या आकाशप्रेमींच्या प्रदर्शनात फोटो त्यानंच परस्पर पाठवला. खाली नाव होतं, प्रा. सम्मेद मगदूम.

"अहो, माझं नाव?"

"दोघांचंच हाय की ते! दुर्बीण कुणी आणली? घरातल्या घरात कसलं तुझं-माझं?"

सत्कार झाला. कुणीतरी उठून विचारलं, "सर, एकेक फोटो किती वेळाचा?"

सम्मेदनं तिच्याकडं बघितलं. दुसऱ्या रांगेत सासू सीताबाईंशेजारी बसलेल्या आदितीचा हात आपसूक वर गेला. तीन बोटं.

"तीन मिनिटं," तो माईकवर म्हणाला. टाळ्या पडल्या.

"पोरानं लई जागरणं केली," सीताबाई शेजारणीला सांगत होत्या. आदितीला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या हाताचा.

पुढं त्यानं तोच फोटो देशपातळीवरच्या स्पर्धेला धाडला. अंतिम फेरीत निवड झाली आणि पुरावा म्हणून मूळ फोटो मागवले गेले.

"आदिती, ते मूळ फोटो दे की."

"तुम्हीच काढलायसा न्हवं? शोधा."

दोन दिवस त्यानं सगळी कपाटं धुंडाळली. तिसऱ्या दिवशी आवाज चढवला. मग तिनं आपल्या पर्समधली हार्ड डिस्क काढली, त्याच्यासमोर संगणकाला जोडली आणि अकरा रात्रींचा तो फोल्डर कायमचा पुसून टाकला.

"अगं येडी झालीस काय? तुझं काम हाय ते!" तो ओरडला.

"व्हय," ती म्हणाली. "आत्ता आठवलं व्हय?"

स्पर्धेतून नाव कटलं. हार्ड डिस्क बिघडली, असं तो लोकांना सांगतो. कॉलेजातल्या त्याच्या विभागात तो फोटो अजून टांगलेला आहे, खाली त्याचंच नाव आहे.

पुसून टाकल्यावर हलकं वाटेल, असं आदितीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात ती शेतावर गेली नाही.