दोरा ओवणारी, सध्या मुक्काम कपाटामागे

मी बोलतेय ती एका कपाटाच्या मागून. आवाज दबका वाटला तर माझा इलाज नाही. तोंड भिंतीकडे करून उभं केलंय मला.

मी एक चित्र आहे, जेवणाच्या ताटाएवढं. खिडकीपाशी बसलेली बाई सुईत दोरा ओवतेय, बस, एवढंच. संग्रहालयातल्या पाटीवर माझं नाव 'दोरा ओवणारी' असं होतं. पोलिसांच्या लेखी मी चोरीला गेलेल्या पाच वस्तूंपैकी एक. तपास अजून चालू आहे म्हणतात. असेलही. इथवर त्याच्या पावलांचा आवाज आलेला नाही.

मला रंगवलं एका चित्रकाराने, आणि समोर बसवलं आपल्या धाकट्या बहिणीला. ती बिचारी सारखी चुळबुळायची.

"दादा, मान मोडली माझी. ओवू का एकदाचा?"

"ओवलास तर चित्र संपलं. गप बस."

थोरल्यांची रीतच ही. आपल्या कामासाठी धाकट्याला अडकवून ठेवायचं आणि वर त्याला कला म्हणायचं. त्याचं पुढे नाव झालं. तिचं काय झालं ते कुणी विचारलंसुद्धा नाही. तिचा चेहरा माझ्याकडे आहे, तेवढाच शिल्लक.

संग्रहालयात मला आतल्या लहान दालनात लावलं. माझ्यासमोर आलेला माणूस नकळत डोळे बारीक करायचा, ओठ मुडपायचा, जणू दोरा त्याच्याच हातात आहे. त्याचं त्याला कळायचंही नाही. मला ते फार आवडायचं. हुद्देवाले मात्र आधी पाटी वाचायचे, चित्रकार मोठा आहे याची खात्री करून घ्यायचे, आणि मग "वा" म्हणायचे.

माझ्या बरोबर खाली पहारेकऱ्याची खुर्ची होती. तोंड दाराकडे, पाठ माझ्याकडे. नजर माणसांवर ठेवायची, चित्रांवर नाही, असा मोठ्या साहेबांचा हुकूम. त्यामुळे मला त्याची मान पाठ होती: कानामागचा तीळ, कॉलरची विरलेली कड, दुपारी डुलकी येऊ लागली की स्वतःलाच मारलेली चापटी. तो माझ्याकडे कधी निरखून बघायचा नाही. येताना झाडूवाल्याशी बोलत यायचा, जाताना दिवे मालवत जायचा. तरी सोबत म्हणून मला तो एकटाच होता.

मोठे साहेब म्हणजे सगळ्या दालनांचे प्रमुख. सचोटीवर बोलायला लागले की ऐकणाऱ्यांचे पाय दुखायचे, साहेबांचं तोंड दुखायचं नाही. "हा ठेवा आपला नाही, पुढच्या पिढीचा आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्या पिढीला विचारायचं मात्र काही नाही.

संग्रहालयाचा एक रिवाज होता. चित्र दुरुस्तीला गेलं की त्या जागी एक पांढरा पुठ्ठा लावायचा: 'दुरुस्तीसाठी काढले आहे.' पुठ्ठा दिसला की कुणी काही विचारायचं नाही. दुरुस्तीच्या खोलीतल्यांना वाटायचं, वरिष्ठांनी कुठे मागवलं असेल. वरिष्ठांना वाटायचं, दुरुस्तीत आहे. पुठ्ठ्यावर सगळ्यांचा विश्वास, चित्राची चौकशी कुणालाच नाही.

एका सुट्टीच्या दिवशी साहेब एकटेच आत आले. मला खिळ्यावरून उतरवलं, पुठ्ठा टांगला आणि मला पिशवीत सरकवलं. आमच्या दालनातल्या आणखी चार लहान वस्तू तशाच पुठ्ठे मागे ठेवून आधीच गेल्या होत्या. त्या दिवशी पहारेकऱ्याची पाळी बाहेरच्या दारावर होती. तो उठून उभा राहिला.

"साहेब, पिशवी धरू का?"

"नको. तू लक्ष ठेव."

आणि त्याने अदबीने दार उघडून धरलं.

नंतर किती दिवस कुणाला पत्ता नव्हता. ज्यांनी माझ्यावर भाषणं ठोकली होती, तेही पुठ्ठ्यासमोरून रोज जात होते. शेवटी विचारलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. "अहो, ती दोरेवाली कधी येणार परत? आईला दाखवायला आणलं होतं हो." पहारेकरी साधा माणूस. चौकशी करायला थेट दुरुस्तीच्या खोलीत गेला. तिथे मी नव्हते. बाकीच्या चारही नव्हत्या. मग आरडाओरडा, पोलीस, वर्तमानपत्रं.

आणि आतल्या चौकशीवर बसवलं कुणाला? साहेबांना. त्यांनीच घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, म्हणून मला माहीत.

"तुझ्या नाकासमोरून पाच वस्तू जातात कशा?"

"नाकासमोरून नाही साहेब, पाठीमागून. खुर्ची तशी ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं."

सगळे हसले म्हणे. हसून झाल्यावर त्याला कामावरून काढलं. ज्याने विचारलं, त्यालाच धरलं. गुन्हा सिद्ध झाला नाही, पण शिक्का बसायला सिद्ध व्हावं लागत नाही.

बाकीच्या चार वस्तू केव्हाच विकल्या गेल्या होत्या. माझा फोटो मात्र वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. खरेदीदाराने हात झटकले: "हिचं तोंड आता सगळ्यांना ठाऊक आहे." चोरीला गेले तेव्हा प्रसिद्ध झाले, आणि प्रसिद्ध झाले म्हणून चोरालाही नकोशी झाले. साहेबांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात टाकलं आणि पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही. चोरून नेलेल्या वस्तूवर माणूस निदान जीव लावतो, असं मी ऐकलं होतं. खोटं आहे ते. अंधारात मी रंग वाळल्यासारखी नुसती पडून राहिले. समोर डोळेच नसले तर चित्र म्हणजे काय हो? एक फळी.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग साहेब वारले. त्यांची खोली आवरताना मी सुनेच्या हाताला लागले. तिने चादर उलगडली आणि खाली बसलीच. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. तो फोटो लहानपणी तिनेही पाहिला होता. तिने नवऱ्याला बोलावलं.

"हे परत द्यायला हवं."

"वेड लागलंय? बाबांचं नाव देतायत त्या दालनाला. पुढच्या महिन्यात समारंभ आहे. गेलेल्या माणसाची अब्रू काढायची नसते."

"आणि असलेल्या माणसाची? तो पहारेकरी जिवंत आहे."

नवऱ्याने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग त्याला तोड सुचली. अशांना तोड नेहमी सुचते. "त्यालाच नेऊन दे. म्हणावं, तुम्हाला सापडलं असं सांगा. त्याचंही नाव होईल, आपलंही राहील."

तिला ते पटलं. वाईट बाई नव्हे ती. पण चांगुलपणा फुकटात जमत असेल तर कुणाला नको असतो?

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घेऊन ती त्याची गल्ली शोधत गेली. नावाने कुणालाच ठाऊक नव्हता. "संग्रहालयात होते ते," म्हटल्यावर एकजण म्हणाला, "पाठमोरा होय? तो काय, जिन्याखालची खोली." इतक्या वर्षांत त्याचं तेवढंच नाव उरलं होतं.

तो छत्र्या दुरुस्त करत बसला होता. पहाऱ्याचं काम त्याला पुन्हा कुणी दिलं नव्हतं. खोकत होता. सुनेने काही लपवलं नाही. सासऱ्यांचं नाव घेऊन सगळं सांगितलं आणि मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. हातातली काडी त्याने हळूच खाली ठेवली.

"म्हणजे दार मीच उघडलं."

"काका, हे तुम्ही नेऊन द्या. म्हणजे तुमच्यावरचा डाग जाईल."

"मी नेलं तर काय म्हणतील? बघा, शेवटी म्हाताऱ्याच्या घरातूनच निघालं. आजवर नुसता संशय होता बाई, उद्या पुरावा होईल." तो थांबला. "तुम्ही याल सोबत? आता मला सांगितलंत, तसं तिथे सांगाल?"

ती छत्रीच्या काड्यांकडे बघत राहिली.

"एका फडक्यानं दोन घरं पुसायला निघालात," तो म्हणाला. "एक उजळलं की दुसरं मळणारच. घेऊन जा."

ती मला उचलू लागली, तेव्हा त्याने हात आडवा धरला. "थांबा. बघू तरी द्या. जन्म गेला हिच्या पायाशी बसून." मला घेऊन तो दाराच्या उजेडात गेला. डोळे बारीक झाले, ओठ मुडपले गेले. पहिल्यांदाच त्याची मान मला दिसत नव्हती. चेहरा दिसत होता. म्हातारा झाला होता.

"लोक माझ्या डोक्यावर बघून म्हणायचे, गेला बघ दोरा, नाही गेला. मला वाटायचं, काय एवढं. हे होय."

मग त्याने स्वतःच मला चादरीत नीट गुंडाळून दिलं.

घरी नवऱ्याने विचारलं, "दिलंस?"

"त्यांनी घेतलं नाही."

"झालं तर. त्यालाच नको, मग आपण काय करणार?" आणि तो सुटला. त्यानेच मला कपाटामागे सरकवलं.

आता समारंभ जवळ आला आहे. सुनेला पहिल्या रांगेत बसायचं आहे, साहेबांविषयी दोन शब्दही बोलायचे आहेत. आरशासमोर उभी राहून ती ते म्हणून बघते. मधेच अडखळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मला ऐकू येतं सगळं.

सूनबाई, मला दिवे नकोत, पाटी नको. भिंतीकडे तोंड करून राहायची सवय झाली आहे. पण तुला दोन शब्द बोलायचेच आहेत, तर ते खरे बोल. मोठी माणसं खरं बोलतात ते सगळे मेल्यावर, कुणाच्या कामी येणार नाही तेव्हा.

तो म्हातारा खोकतो आहे, आणि अजून जिवंत आहे.