पहिल्या मुठीतला जिवाणू

मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर घोटाळा होईल. आम्ही वयात आलो की मधोमध फाटून दोन होतो. त्यामुळे आजोबाही मीच आणि नातूही मीच.

माझा धंदा साधा. तुरीच्या मुळाला बिलगायचं, चिकट लाळ सोडून माती धरायची, त्या मातीत ओल धरायची. बदल्यात मूळ मला साखर देतं. फुकटची सेवा आमच्यात नाही, मित्रांनो. ती तुमच्या भाषणांत असते.

काळ्या भुकटीच्या पाकिटातून मी पाटोद्याच्या बाजारातून सटवाच्या घरी आलो. सटवा आणि त्याची विधवा भावजय चतुराबाई यांचं शेत एकत्र, टँकरच्या प्यायच्या पाण्याचा ड्रमही एकच. चतुराबाईनं घमेल्यातल्या बियाण्यावर गुळाचं पाणी शिंपडून आम्हाला त्यात कालवलं. मग रिवाजाप्रमाणे पेरणीच्या चाड्याच्या पूजेसाठी पहिली मूठ पदराच्या ओट्यात काढून घेतली. मी त्या मुठीत होतो, एवढंच माझं कर्तृत्व.

पाठोपाठ सटवानं बुरशीचं औषध त्याच घमेल्यात ओतलं. ते आधी लावून वाळवायचं असतं, आम्ही शेवटी. पण दोन कामं एका घमेल्यात उरकली की सटवाला आपण लई हुशार वाटतो. माझे कोट्यवधी भाऊबंद तोंडात गूळ असतानाच साल फुटून विरघळले. उरलेल्यांना त्यानं पत्र्यावर पसरून उन्हात भाजलं. आमच्यासाठी कुणी सुतक पाळलं नाही.

चतुराबाईनं पूजेची मूठ बांधाकडेला हातानं मातीत टोबली. तूर उगवली आणि पाऊस सत्तावीस दिवस गायब झाला. ढेकळांनी मुळं आवळून तोडली. सगळं रान करपलं. बांधाकडेची आठ रोपं तेवढी हिरवी.

सटवा ती बघून थेट कुऱ्हाड घेऊनच घरी आला.

"वैनी, टँकरचं पाणी तुरीला घातलं कावून?"

"एक तांब्या घातला आसंल तर हात झडंल माजा. ड्रमाला कुलूप हाय, ही घ्या किल्ली. उघडून बगा, भावजी."

किल्लीसाठी हात पुढं करायचा तर कुऱ्हाड खाली ठेवावी लागली असती. त्यानं ड्रमावर घाव घातला. पहिला झाकणाखाली बसला आणि तिथूनच पाणी उसळलं. ड्रम काठोकाठ भरलेला होता. पण दुसरा घाव सुटला होता. त्यानं बूड फोडलं. आठ दिवसांचं पाणी अंगणभर वाहून गेलं.

चतुराबाई बांधावर गेली, एक रोप मुळासकट उपटलं आणि सटवाच्या तळहातावर ठेवलं. मुळाला ओलसर मातीची बाही चिकटलेली होती. त्या मातीत माझा अर्धा संसार मेला.

"म्या न्हाई घातलं पानी," ती म्हणाली. "पूजेच्या मुठीला तुमचं औषध लागलं न्हवतं. ह्या मातीनं धरलंय."

पुढचे आठ दिवस सटवानं दोन कोसांवरून डोक्यावर घागरी आणल्या. ही गेल्या सालची गोष्ट. यंदा बियाण्याला औषध आधी लागलं, वाळलं, मग आमची पाळी आली. बियाण्यावर ऊन येऊ नये म्हणून सटवा घोंगडं धरून उभा होता, आणि हात भरून आले तरी त्यानं ते खाली केलं नाही.

मित्रांनो, आम्ही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणीही आम्हाला सहज मारतं. भरलेला ड्रमही झाकणाखाली दिसत नव्हता. घाव घालायच्या आधी किल्ली मागत जा.