जग्वारची मागची सीट

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत मानसिंगकडे जुनी जग्वार होती, हे कुणाला खरं वाटत नाही. काळी, लांबलचक, आत अक्रोडाच्या लाकडाची चकाकी, नाकावर झेप घेणारं रुपेरी जनावर. त्याला बघून आवारातली मांजरं कायमची कळंबोलीला निघून गेली. आणि चाल इतकी शांत, की टपावरचा कावळा गाडी उभीच आहे समजून झोपला, तो बेलापूरला जागा झाला. त्याला परत मीच आणला, म्हणून सांगतो.

मानसिंग मूळचा साताऱ्याचा, मुंबईत एका शेठचा ड्रायव्हर. शेठ वारले तेव्हा घरच्यांनी गाडी त्यालाच देऊन टाकली. पण त्याच्या सवयी नोकरीतल्याच राहिल्या. मागं कुणी बसलं की आरसा छताकडे वळवायचा, मागं बघायचं नाही, आपणहून बोलायचं नाही. मागच्या सीटवर तो कधी टेकला नव्हता. पुसायचासुद्धा दाराबाहेरून वाकून.

सत्त्याण्णव साली त्याच्या बायकोचं, वेणूबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या टेबलावरून परत येतील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वेणूबाई मागं, मी पुढं. मानसिंगनं टोपी घातली, आरसा वर केला.

वाशीची खाडी आली तरी हा गप्पच.

"भावजी," वेणूबाई मला म्हणाल्या, "तुमच्या ड्रायव्हरला इचारा, बायकोशी बोलायला परवानगी लागती का?"

"मानसिंग, अरे बोल की!"

"गाडीत पाठीमागं माणूस हाय, भाऊ."

"माणूस न्हवं, मी हाय!" वेणूबाई म्हणाल्या. "जाताना तरी चार शब्द बोला."

त्यानं आरसा आणखी छताकडे ढकलला.

हॉस्पिटलच्या दारात तो उतरला, वळसा घालून आला, मागचं दार उघडून ताठ उभा राहिला. वेणूबाई हलल्या नाहीत.

"उतर, वेणू."

"आधी तुम्ही बसा. हितं, माझ्याशेजारी."

"लोक बघत्यात."

"बघू द्या."

मानसिंगनं टोपी काढली. मग खाली वाकून बूट काढले, फुटपाथवर नीट जोडून ठेवले, आणि देवळात शिरावं तसा आत शिरला. सीटच्या चामड्यानं हलकेच श्वास सोडला. मी दार लावून घेतलं.

जग्वारचं दार लागलं की आतला शब्द बाहेर येत नाही. काचेतून दिसलं ते एवढंच, की बोलत तो होता आणि ऐकत त्या होत्या. एरवी मी दोन वाक्यं पदरची घातली असती. इथं घालवत नाहीत. वेणूबाई संध्याकाळी गेल्या. ते शब्द आता एकट्या मानसिंगकडे आहेत.

पण तेव्हा, दोघं आत असतानाच, वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला, दाराच्या मुठीला हात घालायला लागला.

मी त्याला अडवलं. "थांब जरा," म्हटलं, "साहेब बोलतायत."