बियाण्याचा दुधी

आणखी एक दुधी गळला होता. करंगळीएवढा, पिवळा पडून ड्रममधल्या मातीवर आडवा. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आल्या आल्या त्याने बूटही न काढता तो उचलला आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला.

“आणि हे काय?” मेव्हणीने मागून विचारलं. बहीण गेल्यापासून ती दर आठवड्याला यायची, डबा ठेवायची आणि घराच्या अवस्थेवर चार शब्द सुनावायची. आज तिचं बोट कचऱ्याच्या बादलीकडे होतं. त्यात ओंजळभर पांढरी फुलं होती.

“वांझ फुलं,” तो म्हणाला. “मागे दुधी नसतो ती. रोज संध्याकाळी काढून टाकतो. तुझी ताई काढायची.”

“ताई काढायची?”

“खुर्चीतून बघत नव्हतो का? रोज दिवेलागणीला इथे उभी. फुलं तोडायची नि बादलीत टाकायची. मी चहासाठी हाका मारतोय, तर म्हणायची, थांबा, आले.”

मेव्हणी हसायला लागली. हसता हसता तिला कठड्यावरचा दुधी दिसला आणि ती थांबली.

“भाऊजी, ती नर फुलं. ताई ती तोडून, पाकळ्या काढून, दुधीच्या फुलात टेकवायची. मग टाकायची. इतक्या उंचावर ना पाखरू येतं ना भुंगा. दुधी धरणार कसा? पोरी नटून बसल्यात आणि तुम्ही रोज नवरदेव कचऱ्यात टाकताय.”

त्याला हसू आलं नाही. तो आत येऊन खुर्चीत बसला. तिथून त्याला बायकोची नुसती पाठ दिसायची. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून अंगाचं चिपाड व्हायचं. पाठीपलीकडे तिचे हात काय करतात, ते बघायला तो कधी उठला नव्हता.

“बी आहे ना अजून?” मेव्हणीने विचारलं.

“होतं नव्हतं ते सगळं पेरलं. एकच वेल जगली.”

दरवर्षी बायको एक दुधी न तोडता वेलीवरच वाळू द्यायची, पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी. यंदा एकही धरला नाही, तर तिच्या हातचं बी संपलं. बाजारात पाकिटं मिळत होती. पाकीट त्याला नको होतं.

वेल बुडातून सुकत चालली होती. दोघांनी एकेक पान उलटून पाहिलं. शेंड्याजवळ दुधीची एक कळी होती. शेवटचीच.

“परवा उमलेल,” मेव्हणी म्हणाली. “पण संध्याकाळीच. सकाळपर्यंत थांबाल तर गेलं.”

तिसऱ्या दिवशी त्याने ऊन असतानाच हत्यारं पिशवीत भरली.

“काय रे, आज एवढी घाई?” मुकादम म्हणाला. “घरी कोण वाट बघतंय?” तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

“लग्न आहे,” तो म्हणाला. “घरचंच.”

मुकादम बघतच राहिला.

घरी येऊन त्याने हात घासघासून धुतले, तरी नखांतलं ग्रीस निघालं नाही. उजेड उतरला तशी कळी उमलली. नर फूल एकच फुललं होतं. त्याने ते तोडलं, पाकळ्या सोलल्या. फूल फुलाला टेकवलं. पिवळी पूड लागली. एवढंच काम होतं.

मग तो वळला. दारातून आतली खुर्ची दिसत होती. पाठीवर त्याचा टॉवेल, शेजारच्या स्टुलावर कपाचे गोल डाग. इतकी वर्षं वळून पाहिलं की तिला हेच दिसत असणार, आणि खुर्चीत बसलेला तो.

दुधी धरला. वीतभर झाला तेव्हा मेव्हणी म्हणाली, “कोवळा आहे तोवर काढा. भाजी करून देते.”

“राहू दे. बियाण्याचा आहे.”

वेल वाळली, पानं झडली. कठड्याला तेवढा दुधी लटकत राहिला, आधी हिरवा, मग पांढुरका, मग लाकडासारखा. रोज दिवेलागणीला तो बाल्कनीत जायचा, दुधीला कान लावून हलवून बघायचा. आत अजून ओल होती.

एका संध्याकाळी बिया खुळखुळल्या. त्याने कात्री आणली, देठाला लावली. मग ती कठड्यावर ठेवली आणि दुधी पुन्हा एकदा हलवून पाहिला.