अडगळ, ब-५०३

"इथे हात लावा," असं म्हणत सुबोधने त्या तरुण जोडप्याला बेडरूमच्या भिंतीवर तळवे टेकवायला लावले. "गार लागतं? नाही ना? म्हणजे ओल नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून घर घ्यायचं नसतं. रंग फासला की सगळ्याच भिंती गोऱ्या दिसतात."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. घाटकोपर पश्चिमेला सव्वीस वर्षं घरं दाखवून सुबोध परबच्या हातालाच जणू डोळे फुटले होते. एजंट म्हटलं की लोक चार हात लांब राहतात, पण सुबोधचं तसं नव्हतं. त्याचं कारण त्याचे मेसेज. रोज सकाळी साडेसहाला ठोक्याला सहाशे जणांच्या मोबाइलवर त्याचा एक विचार जायचा, आणि त्याखाली ऋतूप्रमाणे घराची काळजी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या, मे अखेरीस पन्हळी, थंडीत दारांच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या. कुठून उचललेलं नाही हं, सगळं स्वतः लिहिलेलं! शाळेत मराठीत पहिला यायचा म्हणे. लोक खाली अंगठा उमटवून मोकळे व्हायचे, आणि तेवढ्यावर गड्याचा दिवस झकास जायचा.

तर तो नळ सोडून दाखवत असतानाच मानसीचा फोन आला. ती बालवाडीतून दीडला घरी येते, आणि सुबोध कामावर असताना फोन म्हणून करत नाही.

"अहो, बाबा घरात नाहीत."

खाली कट्ट्यावर बसले असतील, असं तो म्हणाला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?

"खाट उभी करून ठेवलीये," मानसी म्हणाली. "गादी गुंडाळून सुतळीने बांधलीये. ट्रंक नाही. आणि मोबाइल इथेच ठेवून गेलेत. त्यात तुमचा सकाळचा मेसेज उघडा आहे."

"त्यांना कुठे जातो माझा मेसेज?"

"आपल्या श्रुतिकाने घातलंय त्यांना तुमच्या यादीत. रोज वाचतात. मोठ्याने. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. तिने तो वाचून दाखवला. "ज्याला वर्षभरात कुणाचा हात लागला नाही, ते अडगळ. मोह सोडा. दिवाळीआधी घर मोकळं करा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

नळ तसाच वाहत होता. काय झालं, असं जोडप्यातल्या मुलीने विचारलं, तेव्हा तो "ओल नाही, ओल नाही" असं काहीतरी पुटपुटला आणि किल्ल्या तिच्या हातात देऊन जिना उतरला. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देऊन तो कधी निघाला नव्हता.

रिक्षात त्याला आठवलं ते भलतंच. सकाळी चहा घेताना त्याने आधी 'ज्या वस्तूला' असं लिहिलं होतं. मग वाचून बघितलं, जरा जड वाटलं, म्हणून 'वस्तू' खोडली. वाक्य कसं सुटसुटीत झालं! स्वतःवरच खूश होऊन त्याने दुसरा कप मागितला होता. बाबा तेव्हा समोर, खाटेवर बसलेले होते.

मग त्याने मनातल्या मनात आठवून बघायला सुरुवात केली. वर्षभरात आपण बाबांना हात कधी लावला? दिवाळीचा नमस्कार? तो करोनापासून लांबूनच. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला जपायचं म्हणून दारातून हात जोडले, आणि साथ गेली तरी ती सवय काही गेली नाही. वाढदिवसाला केक कापला, तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता, फोटो काढायला. आई होती तोवर ती रोज त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. मानसी ताट पुढे ठेवते, वेळेवर औषध देते, श्रुतिका "बाय, आजोबा" करून क्लासला पळते. कुणी त्यांना वाईट वागवलं, वेडंवाकडं बोललं, असं देवाशपथ एकदाही झालं नव्हतं. पण हात? सुबोधला एकही वेळ आठवेना. दुसऱ्यांच्या भिंतींना मात्र रोज पन्नास वेळा. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

ट्रंक घेऊन गावी निघाले असतील म्हणून तालुक्याला राहणाऱ्या चुलतभावाला त्याने दोनदा फोन लावला, लागला नाही. गावचं घर तर तीन वर्षं बंद होतं. म्हातारा तिथे पोचला, तर कुलूप उघडायलाही कुणी नाही.

सोसायटीच्या गेटवर अंबादास वॉचमन भेटला. बाबा कुठे, असं विचारल्यावर त्याने पंपरूमच्या दिशेने मान वळवली. सकाळीच खाली आले, म्हणाला. ट्रंक मीच धरली. त्यांनी चिठ्ठी मागितली, तर मी घराचा नंबर लिहून दिली.

दिवाळीच्या सफाईत ज्याला जे टाकायचं ते पंपरूमच्या मागे ठेवायचं, असा सोसायटीचा नियम. वस्तूवर आपल्या घराच्या नंबराची चिठ्ठी हवीच, नाहीतर मागाहून "आमचं कुणी नेलं?" म्हणून भांडणं होतात. अडीच वाजता टेम्पो येतो. आता दोन वाजून गेले होते.

सुबोध पळतच मागे गेला. फुगलेल्या प्लायची कपाटं, कापूस बाहेर आलेल्या गाद्या, दांडा मोडलेला मिक्सर, एक पाळणा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, ट्रंकेवर ताठ बसलेले काशीराम परब. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस पाणी लावून विंचरलेले. लग्नाला निघाल्यासारखे. ट्रंकेवर चिठ्ठी नव्हती. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशाला टाचणीने लावली होती. ब-५०३.

पाच पावलांवर सुबोध थांबला.

"बाबा, हे काय करताय?"

"सफाई," बाबा म्हणाले. "तूच लिवलंस मां?"

"ते वस्तूंसाठी होतं हो. माणसांसाठी नव्हतं."

"तसा खंय लिवलंस?"

सुबोधची नजर पुन्हा त्या चिठ्ठीवर गेली.

"माका राग नाय हा," बाबा म्हणाले, आणि खरंच आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बरा लिवतंस तू. मी रोज वाचतंय. ह्या वर्सात माका एका न्हाव्यान हात लावल्यान, तोय पैसे घेवन. टेम्पो दादराक जाता, अंबादासाक विचारलंय. थयसून गावाक गाडी गावतली."

"आणि गावी कोण आहे?"

"घर आसा. त्येकाय कोणी हात लावूक नाय तीन वर्सा."

सुबोध पुढे झाला. सहाशे जणांना रोज शहाणपण वाटणाऱ्याला एक वाक्य सुचेना. त्याने वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा दचकले. केवढ्याने! गरम तव्याला बोट लागावं तसं त्यांनी सगळं अंग मागे ओढलं, आणि हात कुणाचा आहे ते मान वर करून बघितलं. सदऱ्याखाली खांदा कसला, नुसतं हाड होतं. इतके वाळलेत ते रोज समोर बसलेले असूनही सुबोधला दिसलं नव्हतं. त्याने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने टाचणी काढली, चिठ्ठी स्वतःच्या खिशात टाकली. मग तिथेच, त्या पाळण्याला धरून, तो मोठ्याने रडला. पन्नाशीचा बाप्या, पण रडला. बाबा कावरेबावरे झाले. त्यांनी हात उचलला, सुबोधच्या डोक्यापर्यंत नेला आणि मध्येच थांबवला. मग ट्रंकेची कडी धरून उठले आणि म्हणाले, "चल. मानसी जेवक थांबली आसतली."

दुसऱ्या दिवशी सुबोधचा मेसेज गेला नाही. साडेसातला तीन-चार जणांनी विचारलं, सगळं ठीक ना? बाबाही मोबाइल घेऊन खाटेवर बसून होते, चष्मा लावून. सुबोध वाटीत खोबरेल कोमट करून आला आणि त्यांच्यामागे बसला. सदरा काढा, म्हणाला.

त्याला आता महिना झाला. मेसेज पुन्हा सुरू झाले, लिहिलेलं तो आता दोनदा वाचतो. तेल मात्र तो रोज लावतो, न चुकता. बाबा पाठ करून बसतात, डोळे मिटतात. पण पहिला हात पाठीला लागला की अजूनही, रोज, ते दचकतात.